सोपाऱ्याच्या गोविंददासाचे पाणी

कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर टोकावडे मागे पडले की वैशाखरे नावाचे गाव लागते. त्याच्या थोडे पुढे डांबरी रस्ता सोडून एक पायवाट रानात शिरते. पावसाळ्यात या वाटेवर मुंबई-ठाण्याच्या तरुणांची रीघ असते. वाऱ्याच्या जोराने उलटा उडणारा धबधबा पाहण्यासाठी ती गर्दी जमते. चैत्रात मात्र वाट सुनी असते. ओढ्यांच्या पात्रांत गोटे तेवढे उरलेले, कारवीची पाने वाळलेली आणि दोन-अडीच तासांच्या चढणीत सावलीपेक्षा ऊनच अधिक. नाणेघाट पाहायचा असेल तर पावसाळ्यात जावे, असे सर्वजण सांगतात. तो समजून घ्यायचा असेल तर मात्र चैत्रातच जावे. ज्यांनी हा घाट वाहता केला त्यांना ज्या एका गोष्टीची चिंता होती ती, म्हणजे वाटसरूची तहान, त्याच महिन्यात नीट कळते.

रान संपते आणि दगडी पायऱ्यांची, जागोजागी फरसबंद केलेली जुनी वाट सुरू होते. शेवटच्या अरुंद खिंडीत शिरण्यापूर्वी कड्यात कोरलेले एक मोठे लेणे दिसते. लेण्याच्या आसपास खडकातच खोदलेली पाण्याची टाकी आहेत. माथ्यावरून तापलेला वारा येत असतो, पायाखालचा दगड चटके देत असतो. आणि टाक्याच्या तोंडाशी वाकून पाहावे तर आत सावलीत काळसर, निश्चल पाणी उभे असते. कपडा धरून गाळून घेतलेले ते पाणी तोंडाला लावले की चढणीचा शीण उतरतो. माथ्यावर येणारे गिर्यारोहक आजही यांतील काही टाक्यांचे पाणी पितात.

पाणी पिऊन झाल्यावर साहजिकच प्रश्न पडतो, की एवढ्या उंचावर, अशा कठीण पाषाणात ही सोय कोणी केली?

एका ओळीचा दानलेख

लेण्याच्या भिंती या प्रश्नाचे थेट उत्तर देत नाहीत. तेथे ब्राह्मी लिपीतला जो लांबलचक लेख आहे तो राजघराण्याचा. विल्यम साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस तो १८२८ मध्ये पडला, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर आदी विद्वानांनी त्याचा कसोशीने अभ्यास केला. सातवाहन राणी नागनिकेने केलेल्या यज्ञांची आणि त्या प्रसंगी दिलेल्या दक्षिणेची ती नोंद आहे. गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी यांचे आकडे त्यात हिशेबाच्या वहीप्रमाणे मांडलेले आहेत. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या लेखाला मोठे स्थान आहे ते याच आकड्यांमुळे. मागील भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज त्यांच्या पावलांच्या खुणा आणि वरची नावे एवढेच उरले आहे.

पाण्याचे उत्तर बाहेर, टाक्यापाशी मिळते. तेथील एका लेखात राजा नाही, राणी नाही, यज्ञ नाही. आहे ती एकच ओळ. सोपाऱ्याचा रहिवासी गोविंददास याने ही पोढी धर्मदान म्हणून दिली, एवढाच तिचा आशय. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. दुसऱ्या एका लेखात सातवाहन राजाच्या तेराव्या वर्षाचा उल्लेख करून कामवणच्या दामघोषाने दिलेल्या टाक्याची नोंद केली आहे. कामवण म्हणजे वसईजवळचे कामण असावे, असे अभ्यासकांनी सुचविले आहे.

सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा. मुंबईच्या लोकलगाडीत उभे राहायलाही जागा मिळत नाही ते स्थानक त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. जैन कुटुंबांत श्रीपाळराजाच्या कथेतून सोपारक नगराचे नाव पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे. ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शिकेतही सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. समुद्रमार्गे आलेला माल तेथून बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाट चढायचा, जुन्नरला पोहोचायचा आणि पुढे पैठण व तेरपर्यंत जायचा. देशावरचे कापड व इतर माल त्याच वाटेने खाली उतरत असे. खिंड चढून माथ्यावर आले की आजही दगडात कोरलेला एक भला मोठा रांजण दिसतो. घाटाची जकात त्यात टाकीत असत, असे परंपरेने सांगितले जाते.

गोविंददास काय व्यापार करीत असे, त्याच्या दुकानात काय विकले जाई, हे त्या ओळीत लिहिलेले नाही. परंतु ज्याने आपल्या गावापासून इतक्या दूर, एका घाटाच्या तोंडाशी पैसा खर्च केला, त्याला त्या वाटेवरची तहान माहीत असली पाहिजे. आपल्या गावच्या विहिरीला दान देणारा शेजाऱ्यांसाठी देतो. घाटात टाके खोदणारा मात्र अशा माणसांसाठी देतो, ज्यांची तोंडे त्याला कधीही दिसणार नाहीत.

खडकातले पाणी टिकते कसे

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस उदंड पडतो, तरी तेथे उन्हाळ्यात पाण्याची वानवा असते, याचे अनेकांना नवल वाटते. त्याचे कारण खडकात आहे. लाव्हारसाचे थरावर थर बसून हा काळा पाषाण तयार झाला. त्याच्या घट्ट थरांत पाणी मुरत नाही. जे मुरते ते भेगांतून आणि सच्छिद्र थरांतून. बाकीचे पाणी उतारावरून वाहून जाते. आषाढात जेथे छाती दडपवणारे प्रपात असतात तेथेच फाल्गुनात थेंब मिळत नाही.

पाथरवटांनी या उणिवेचाच उपयोग करून घेतला. ज्या घट्ट थरात पाणी मुरत नाही त्याच थरात टाके खोदले तर साठलेले पाणी झिरपून जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. कोठे वरून वाहत येणारे पाणी चर खोदून टाक्यात वळविले, तर कोठे कातळातून पाझरणाऱ्या झऱ्यालाच टाक्याचे पोट दिले. दुर्गप्रेमी मंडळी अशा टाक्याला जिवंत पाण्याचे टाके म्हणतात. अनेक टाक्यांचे तोंड लहान आणि आतील पोट प्रशस्त ठेवलेले आढळते. त्यामुळे ऊन आत शिरत नाही, बाष्पीभवन कमी होते आणि प्रकाशाअभावी शेवाळही कमी धरते. मुंबईच्या कान्हेरी लेण्यांत तर काही टाक्यांच्या तोंडाला झाकण नीट बसावे म्हणून खाच ठेवलेली दिसते. खोदणाऱ्याने पाणी साठविण्याचा जितका विचार केला होता, तितकाच ते स्वच्छ राखण्याचाही केला होता.

पोढी आणि प्रपा

नाणेघाटातला पोढी हा शब्द पश्चिम महाराष्ट्राच्या लेण्यांत ठिकठिकाणी भेटतो. कान्हेरीला कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दिलेल्या पोढीचा लेख आहे. तेथील दात्यांच्या यादीत नेगम म्हणजे व्यापारी पुन्हा पुन्हा येतात. मावळात पाले गावाजवळच्या लेण्यातील लेखाचे मोल जैन समाजाच्या दृष्टीने विशेष आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी प्रकाशात आणलेला हा लेख अरिहंतांना नमस्कार करून सुरू होतो आणि भदंत इंद्ररक्षित यांनी लेणे व पोढी करविल्याचे सांगतो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा अतिप्राचीन कोरीव पुरावा मानला जातो. त्या पहिल्याच पुराव्यात निवाऱ्याच्या जोडीला पाण्याची नोंद आहे, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खडकातले टाके हा पाणीदानाचा एक प्रकार झाला. दुसरा प्रकार म्हणजे वाटेवर माणूस बसवून पाणी पाजणे. त्यासाठी संस्कृतात प्रपा असा शब्द आहे, आणि मराठीतील पाणपोईतली पोई त्याच शब्दाची वंशज मानली जाते. गुजरातीत तिला परब म्हणतात, मारवाडी कुटुंबांत प्याऊ. नाशिकच्या पांडवलेण्यातील एका लेखात या प्रपेची जुनी नोंद सापडते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारे येथे धर्मशाळा बांधल्या, विहिरी व तळी खोदविली, तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर विनामूल्य होड्या ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर वाटसरूंसाठी विसाव्याच्या जागा व प्रपा उभारल्या, असे तो लेख सांगतो.

मुद्दल कायम, व्याज खर्चास

याच उषवदाताचा आणखी एक लेख त्याच लेण्यात आहे. पेढीचा व्यवहार जाणणाऱ्या कोणाही माणसाने तो एकदा तरी समजून घ्यावा. लेखाला बेचाळिसाव्या वर्षाची तारीख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने ३,००० कार्षापणांचे दान दिले, पण ते त्यांच्या हाती ठेवले नाही. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ते ठेव म्हणून ठेवले. श्रेणी म्हणजे त्या त्या व्यवसायातील लोकांचा संघ. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा दरशेकडा १ व्याजाने आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा दरशेकडा पाऊण व्याजाने.

हिशेब करून पाहावा. २,००० वर दरमहा २० म्हणजे वर्षाला २४० कार्षापण व्याज होते. लेखात वर्षावासातील वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण देण्याची तरतूद आहे. वीस गुणिले बारा म्हणजे बरोबर २४०. एक नाणे कमी नाही, एक अधिक नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० कार्षापण किरकोळ खर्चासाठी. शिवाय लेखात स्पष्ट अट आहे की मूळ रक्कम परत करावयाची नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखविला गेला आणि रीतसर नोंदविला गेला, हेही लिहून ठेवले आहे. ठेव, व्याजाचा दर, खर्चाचे शीर्षक, मुद्दल अबाधित राखण्याची अट, जाहीर वाचन आणि नोंदणी, असे आजच्या धर्मादाय न्यासाच्या दस्तऐवजात जे जे असावे लागते ते सर्व त्या भिंतीवर आहे.

हे दान वस्त्रांसाठी होते, पाण्यासाठी नव्हते. परंतु त्यामागील विचार पाण्याला अधिकच लागू पडतो. वस्त्र एकदा दिले की दात्याचे काम संपते. पाण्याची सोय मात्र रोज नव्याने करावी लागते. पाणपोई बांधणे हा एका दिवसाचा खर्च असतो आणि ती चालविणे हा कायमचा.

गाळ कोणी काढला?

नाणेघाटातल्या टाक्यापाशी पुन्हा उभे राहिले की गोविंददासाच्या ओळीत न लिहिलेली एक गोष्ट ध्यानात येते. दर पावसाळ्यात वरून माती येते, पालापाचोळा येतो, बारीक खडी येते. झाकण नसलेले टाके काही वर्षे दुर्लक्षित राहिले तर त्यात गाळ भरतो, गाळात गवत उगवते आणि टाक्याचा खड्डा होतो. सह्याद्रीतल्या कित्येक किल्ल्यांवर अशी मातीने बुजलेली टाकी दिसतात. खोदताना तीही चांगलीच खोदली होती. पुढे त्यांना कोणी वाली राहिला नाही, इतकेच.

याचा अर्थ, दीड हजार वर्षांहून किती तरी अधिक काळ जे टाके पाणी देत राहिले त्यातला गाळ कोणी ना कोणी वेळोवेळी काढला असला पाहिजे. तांड्याबरोबर चालणाऱ्यांनी काढला असेल, घाटावर चौकी करणाऱ्यांनी काढला असेल, पायथ्याच्या वाडीतल्या माणसांनी काढला असेल. दात्याचे नाव दगडावर आहे. गाळ काढणाऱ्यांपैकी एकाचेही नाव कोठे नाही. आज अनेक दुर्गप्रेमी संस्थांचे तरुण उन्हाळ्यात, सुटीच्या दिवशी, पाट्या आणि घमेली घेऊन जुन्या टाक्यांतला गाळ उपसतात. संरक्षित वास्तूंच्या बाबतीत त्यासाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्यावी लागते, आणि ती घेऊनच हे काम व्हावे. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी अशा वाटांवरून व्यापार केला त्या समाजाला या तरुणांच्या पाठीशी उभे राहता येणार नाही काय?

दुसरीकडे, त्याच टाक्यांत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आणि वेष्टने तरंगताना दिसतात. कोणी त्यात पाय धुतो, कोणी भांडी विसळतो. घरून बाटली भरून आणणाऱ्याला टाक्याची गरज उरली नाही आणि ज्याची गरज उरत नाही त्याची अदबही राहत नाही.

अदबीची शिकवण जैन घरांत निराळी नव्हती. दुपदरी, घट्ट विणीच्या कापडातून पाणी गाळल्याशिवाय ते वापरायचे नाही हा नियम सर्वांना ठाऊक आहे. त्याचा उत्तरार्ध मात्र नळ आल्यापासून विस्मरणात गेला. गाळल्यावर कापडावर जे सूक्ष्म जीव राहतात ते तसेच जमिनीवर झटकायचे नाहीत. ज्या विहिरीचे पाणी असेल त्याच विहिरीत ते हलक्या हाताने, पाण्याच्या धारेने परत सोडायचे. कोणी याला जिवाणी म्हणते, कोणी संखारो. घागर भरून झाल्यावरही विहिरीकडे पुन्हा वळण्याची सक्ती त्या नियमात होती. पाणी घेणाऱ्याचे उगमाशी काही देणे लागते, हे घरातल्या लहान मुलीलाही त्या एका कृतीतून उमजत असे.

आजच्या पाणपोया

महाराष्ट्रातल्या कोणत्याही बाजारपेठेत, मोंढ्यात, बसस्थानकावर पाहावे. पूर्वी पाडव्याला लाल कपड्यात गुंडाळलेले रांजण मांडले जात आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी वाढणारा माणूस तेथे बसलेला असे. आता त्या जागी संगमरवरी ओटा, शीतयंत्र आणि वर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी असते. पाटीवरची अक्षरे वर्षानुवर्षे स्वच्छ राहतात. नळाची तोटी मात्र गेलेली असते, गाळणी कधी बदलली ते कोणाला सांगता येत नाही आणि टाकीचे झाकण उघडून पाहण्याचे धैर्य होत नाही. आई-वडिलांच्या नावाखाली कोरडा नळ राहावा, अशी इच्छा कोणत्याही मुलाची नसते. चूक वृत्तीची नसते, हिशेबाची असते. सारी रक्कम बांधकामावर खर्ची पडते आणि देखभालीच्या खात्यात शून्य राहते.

उषवदाताचा हिशेब येथे आजही उपयोगी पडतो. समजा, एका कुटुंबाने पाण्यासाठी २,००,००० रुपये काढून ठेवले. त्यांतील ८०,००० रुपयांत साधी, मजबूत टाकी, चांगले नळ आणि गाळणी बसवावी. उरलेले १,२०,००० रुपये न्यासाच्या किंवा संघाच्या नावे मुदत ठेवीत ठेवावेत. व्याज सहा टक्के धरले तरी वर्षाला ७,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ६०० रुपये मिळतात. टाकी ठराविक दिवशी धुणे, तोटी बदलणे, गाळणी साफ करणे एवढे त्यातून भागू शकते. भाव वाढत जाणार हे उघड आहे. म्हणून पहिली काही वर्षे, दुरुस्तीचा खर्च कमी असताना, व्याजातला काही भाग मुद्दलात मिळवीत जावे. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. टाकी कोणत्या तारखेस धुतली याची एक वही पाणपोईशेजारच्या दुकानात ठेवावी आणि वर्षातून एकदा ती संघाच्या सभेत वाचून दाखवावी, जसे निगमसभेत वाचले गेले होते. संगमरवर थोडा कमी लागेल, उद्घाटनाचा मंडप लहान होईल, पण नळाला पाणी राहील.

नाणेघाट उतरताना ऊन कलते आणि कोकणाच्या बाजूला डोंगरांच्या सावल्या लांबतात. एखाद्या कुटुंबासोबत आलेला नातू वाटेत विचारील, ‘‘आजोबा, त्या गोविंददासाच्या मुलांची, नातवंडांची नावे का नाही लिहिली?’’ आजोबांनी त्याला काय सांगावे? एवढेच, की त्याने दगडावर जागा एका ओळीचीच घेतली आणि बाकीची पाण्यासाठी सोडली. मग वैशाखऱ्याच्या रस्त्याला लागण्यापूर्वी, टाक्यावरून भरून घेतलेल्या बाटलीतला शेवटचा घोट नातवाने आणि आजोबांनी वाटून घ्यावा, आणि रिकामी बाटली घरी परत न्यावी.